विहिणीला भरवायचा घास

सेमेय,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

तीर्थरूप सैतझान दाजी यांना,

धाकट्या मेहुणीचा, म्हणजे बालझानचा, आदराचा सलाम. आधी जनावरं आणि मग माणसं, अशी आपली विचारपूस करायची रीत, म्हणून त्याच क्रमाने विचारते. दोन्ही शेळ्या सुखरूप आहेत ना? ती शिंगमोडकी अजून शेजाऱ्यांच्या कोबीत शिरते का? तुमची गाडी थंडीत सुरू होते, की यंदाही तुम्ही तिला ढकलत चौकापर्यंत नेता आणि तिथून चालत बाजारात जाता? ताई, सुना, नातवंडं, तुमचं ब्लडप्रेशर, सगळं ठीक असेल असं धरून चालते. आम्हीही इकडे मजेत आहोत. (हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलं आहे. पुढचं वाचून झालं की तुम्हीच ते खोडा.)

फोन का केला नाही म्हणाल. दाजी, तुम्ही चाळीस वर्षं भूगोल शिकवला. कागदावर असलं की तुम्ही शेवटपर्यंत वाचता आणि मध्ये बोलत नाही. फोनवर मात्र तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता, आणि तो हं रागाचा की खोकल्याचा, हे तुम्ही ताईला मागणी घालायला आलात त्या दिवसापासून मला कळलेलं नाही. शिवाय तुमच्याकडे फोन आला की ताई तो मोठ्या आवाजावर टाकते आणि अख्खी गल्ली ऐकते. तेव्हा हे पत्र एकट्याने वाचा. ताईला त्यातलं काय वाचून दाखवायचं ते शेवटी सांगते.

तर बातमी अशी, की शनिवारी आम्ही आमच्या सांझारच्या सोयरिकीसाठी मुलीच्या गावी, आयागोझला, जाऊन आलो, आणि सोयरीक जुळली की मोडली हे मला अजून सांगता येत नाही. पोराने चार दिवसांत माझ्याशी चार वाक्यं बोललेली नाहीत. मला धास्ती बसली आहे दाजी, आणि धास्ती बसली की मी फार बोलते, हे तुम्हाला माहीतच आहे.

सुरुवात माझ्या बोटांपासून करावी लागेल. माझा संधिवात तुम्हाला ऐकून माहीत आहे, पण मी जेवढा सांगितला तेवढाच. आठ वर्षं झाली. सकाळी उठलं की दोन तास मूठ मिटत नाही, बटण लागत नाही, दाराची किल्ली कोपराने फिरवता येईल का याचा विचार करावा लागतो. आणि माझा धंदा केस कापायचा. दोन वर्षांपूर्वी एका मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाळावरच्या बटा निम्म्या कापून झाल्या आणि माझी बोटं कात्रीच्या कड्यांत सुजून अडकली. साबण लावून कात्री काढेपर्यंत पाऊण तास गेला, आणि बाई तशाच निम्म्या बटांनी पालकसभेला गेल्या. (मी सगळ्यांना सांगितलं की कात्री खराब होती. ती बिचारी जर्मन कात्री, तिने जन्मात कोणाचं वाकडं केलेलं नाही.) तेव्हापासून दुकानातल्या मुली कापतात आणि मी खुर्चीत बसून चुका काढते. कापता येत नसलं की चुका फार छान दिसतात.

या वसंतात साखरेच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. काटा एकशे चारवर गेला. (ताईला नव्वद सांगितलं आहे.) त्यांनी वजन उतरवायचं इंजेक्शन दिलं. जाड लेखणीसारखं असतं, आठवड्यातून एकदा पोटात आपणच टोचून घ्यायचं. मी घेतलं ते साखरेसाठी, आणि खरं सांगते, थोडं त्या निळ्या कोटासाठी, जो माझ्या पोटावर शेवटचा कधी लागला ते नवरा असून मिर्झाबेकलाही आठवत नाही. पण पाचसहा आठवड्यांत एक गंमत झाली. वजन जेमतेम तीन किलो उतरलं होतं, कोट अजून तसाच हसत होता, आणि एके सकाळी मी चहाचं आधण ठेवलं तेव्हा लक्षात आलं की बरणीचं झाकण मीच उघडलं आहे. मी ते परत लावलं आणि परत उघडलं. मिर्झाबेक उठून आला तर मी स्वयंपाकघरात एकटी बसून बरण्या उघडत होते आणि रडत होते. त्याला वाटलं, साखर संपली.

मी सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि विचारलं की गुडघ्यांचं समजू शकते, ओझं उतरलं, पण बोटांवर मी कधी उभी राहिले होते? त्या हसल्या. म्हणाल्या, या औषधाने सूजच शांत होते का याचा अजून शोध चालला आहे, काही जणांना असा आराम पडलेला दिसतो, तुम्हाला पडतोय तर चांगलंच आहे, पण संधिवाताच्या आठवड्याला घ्यायच्या गोळ्या सोडायच्या नाहीत आणि मनाने काही बदलायचं नाही. ‘मनाने काही बदलायचं नाही’ हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली.

आता याचं दुसरं अंग. औषध बोटांना सोडतं आणि घशाला धरतं. चार घास झाले की पोट दार लावून घेतं, आणि चरबीचा नुसता वास आला तरी पोटात ढवळून येतं. आपल्या घरात, दाजी, जिथे चरबी नसेल तर पाहुणा विचारतो की घरात कोणी आजारी आहे का. उन्हाळाभर मिर्झाबेकने घोड्याच्या मांसाचं सॉसेज गॅलरीत उभं राहून खाल्लं. आता उणे बारा आहे, तरी तो टोपी घालून तिथेच खातो. कोणाच्या घरी जेवायला गेलं की मी पर्समध्ये प्लास्टिकची पिशवी ठेवायचे आणि मांस हळूच तिच्यात सरकवायचे. पकडली गेले तरी बिघडत नव्हतं, कारण मेजवानीतलं उरलेलं घरी नेणं हा तर यजमानाचा मान. दोन घरांत माझं कौतुक झालं की बालझान किती रीतभात पाळते. आमच्या इमारतीतले कुत्रे तर मला उठून उभे राहतात.

पण सोयरिकीच्या घासाला पिशवी चालत नाही. दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि काळीज, दोन्हींचे काप एकावर एक ठेवून व्याह्यांनी एकमेकांना हाताने भरवायचे, तोंडात, चाळीस माणसांच्या डोळ्यांदेखत. तो खाल्ला की सोयरीक पक्की, पुढे मोडायची तर तोंड दाखवायला जागा नाही. मर्झानचं नाव निघालं त्या दिवसापासून मला लग्नाचं काही दिसेना, नुसती ती शेपटी दिसायला लागली. (मर्झान म्हणजे आपली होणारी सून. इथे सेमेयला गणित शिकवते. सांझार तिच्या शाळेत विजेच्या तारा बदलायला गेला आणि जे काम दोन दिवसांचं होतं ते त्याने महिनाभर केलं.)

खरं सांगून टाकायचं, असं तुम्ही म्हणाल. कसं सांगू? संधिवात सांगितला तर लोक सात पिढ्या मोजतात, की हा रोग उद्या आमच्या नातवंडांत उतरणार. इंजेक्शन सांगितलं तर छप्पन्न वर्षांची सासू पोटात सुया टोचून नवरी व्हायला निघाली, असं आयागोझपासून तुमच्या तराझपर्यंत होईल. म्हणून मी मनाने बदल केला. तीन आठवडे इंजेक्शन बंद ठेवलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, कारण त्या नको म्हणाल्या असत्या.

मग सरावाला बसले. पहिल्या आठवड्यात चरबीच्या तुकड्याचा नुसता वास घ्यायचा, दुसऱ्यात जिभेवर ठेवून शंभर आकडे मोजायचे, तिसऱ्यात गिळायचा. मिर्झाबेक समोर घड्याळ घेऊन. तो रेल्वेचा इंजिनचालक, त्याला वेळेवर सुटणं फार महत्त्वाचं. निघायच्या आदल्या दिवशी मी तुकडा एकवीस सेकंदांत गिळला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आम्ही दोघांनी टाळी देण्यासाठी हात वर केले, आणि तेव्हा मला दिसलं की माझी बोटं चुलीवरच्या सॉसेजसारखी फुगली आहेत. दाजी, तीन आठवडे मी फक्त गिळण्याचा विचार केला. घास भरवायचाही असतो हे डोक्यातच आलं नाही.

गाडीत मी बोटं गरम पाण्याच्या बाटलीला धरून बसले. आयागोझला मर्झानचे वडील कोझाबेक स्टेशनवर न्यायला आले होते. भला माणूस, गुरांचे डॉक्टर, हात असा दाबतात की गायसुद्धा आपला रोग कबूल करेल. मी थंडीचं निमित्त करून हातमोजे काढले नाहीत. मर्झानची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे विहिणीच्या जागी तिची आजी बसणार होती, उर्किया आजी, वय चौऱ्याऐंशी, डोळे असे की आपण आत काय घातलं आहे तेही दिसत असावं.

ताट आलं. आधी उर्किया आजीने मला भरवलं. मी तोंड उघडलं, सराव आठवला, आणि तो घास घशाच्या दारात येऊन बसला. पुढे जाईना, मागे येईना. डोळ्यांत पाणी आलं. कोणीतरी म्हणालं, ‘आईचं मन बघा, भरून आलंय.’ मी मान हलवली, आणि मान हलवल्यामुळेच तो खाली गेला. एवढं हलकं मला एकशे चारवरून अठ्ठ्याऐंशीवर येतानाही वाटलं नव्हतं. मग माझी पाळी आली. मी ताटातला काप उचलला, म्हणजे बोटांनी नाही, दोन्ही हातांच्या कडांनी. आजीने तोंड उघडलं. काप तिच्या ओठांपर्यंत गेला, आणि चरबीच ती, निसटली. हनुवटीवर पडली, तिथून घसरली आणि आजीच्या मखमली जाकिटावर चांदीच्या बटणाला अडकून राहिली.

कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, ‘हातातून पडली.’ भरवताना घास पडला की सोयरीक टिकत नाही, ही समजूत तुम्हाला सांगायला नको. मिर्झाबेक खाली बघत होता. सांझार माझ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

उर्किया आजीने जाकीट झटकलं नाही. म्हणाली, ‘हात दाखव.’

मी म्हटलं, ‘गाडीत गारठलेत, आजी.’

‘दाखव म्हटलं ना.’

तिने माझं मधलं बोट धरलं आणि पेरावर अंगठा दाबला. मी ओरडले नाही, पण जो आवाज निघाला तो शेवटच्या माणसापर्यंत गेला.

‘किती वर्षं?’

‘आठ.’

‘आणि आम्हाला कधी सांगणार होतीस? नातवाला कडेवर घेताना?’

मग मी सगळं सांगितलं. गोळ्या, इंजेक्शन, बरण्या, तीन आठवडे, घड्याळ लावून गिळलेली चरबी. सांगताना माझंच मला कळेना की मी माफी मागते आहे की तक्रार करते आहे. कोझाबेक मध्येच उठले, माझं मनगट इकडेतिकडे वळवून पाहिलं आणि अगदी आपुलकीने म्हणाले, ‘विहीणबाई, घोड्याच्या सांध्याला अशी सूज आली तर आम्ही त्याला कामाला जुंपत नाही.’ मी विचारलं, ‘आणि मग काय करता?’ त्यावर त्यांनी माझं मनगट अलगद माझ्या मांडीवर परत ठेवलं. मर्झान दारात उभी होती. सोयरिकीची खूण म्हणून तिच्या कानांत डूल मी घालायचे होते, ती डबी माझ्या मांडीवर होती, आणि खरं तर ते डूलही मला घालता आले नसते.

आजी म्हणाली, ‘बोटं वाकडी असली तर मला चालतं. माझे गुडघे काय सरळ आहेत? पण रोग झाकून पोरगी मागायला आलात.’ मग तिने विचारलं, ‘तुझ्या माहेरी आणखी कोणाला आहे हे?’

मी म्हटलं, ‘नाही. मी एकटीच.’

‘मग डूल आज राहू देत. डबी घेऊन जा. तुझ्या माहेरची माणसं बघते, मग सांगते.’

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, मांसही बांधून दिलं, स्टेशनवर पोचवलं. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. परतीच्या गाडीत सांझार खिडकीकडे तोंड करून बसला. मी एकदा म्हटलं, ‘सांझार, चुकलं माझं.’ तो म्हणाला, ‘आई, झोप जरा.’ चार वाक्यांतलं हे एक.

असं सगळं आहे. मला तुमच्याकडून काही नको. तुम्ही घरातले वडीलधारे, तुमच्या कानावर घालावं एवढ्यासाठीच लिहिलं. सगळ्यांना नमस्कार, लहानांचे पापे.

आपली धाकटी मेहुणी,
बालझान

ता.क. मिर्झाबेकने तुमच्यासाठी घोड्याच्या मांसाचं सॉसेज पाठवलं आहे. तुमचं ब्लडप्रेशर लक्षात घेऊन लहानसं पाठव म्हटलं, तर त्याने दोन लहान पाठवली.

दुसरं ता.क. दाजी, ‘मी एकटीच’ हे वाक्य वाचून तुम्ही थांबला असाल. मला माहीत आहे. ताईची बोटं माझ्याहून वाकडी आहेत, आणि ती माझ्यासारखं बोलत नाही म्हणून ती फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहेत. तर ऐका. उर्किया आजीचा भाचा तुमच्याच तराझमध्ये असतो. मर्झानकडून कळलं की तेवीस तारखेच्या रविवारी तो ‘सहज चहाला’ तुमच्याकडे येईल. चहा ओतणाऱ्या बाईच्या हातांकडे सगळ्यांचे डोळे असतात, पाहुणा दहा पियाले पिणार, म्हणजे दहा वेळा बघणार. तेवढ्या दिवसापुरतं ताईला चहाला बसवू नका. थोरल्या सुनेला बसवा. ताईचा हात भाजला आहे म्हणा, पट्टी बांधा, किंवा तिला बहिणीकडे गेली म्हणून सांगा (बहीण मीच आहे, मी कबूल करेन). एवढं एक खोटं माझ्या पोरासाठी बोला. याच्यासाठीच हे सगळं पत्र होतं.

तिसरं ता.क. आज गुरुवार. पत्र अजून टाकलेलं नाही. काल सकाळी मी उठले (इंजेक्शन डॉक्टरीणबाईंना सांगून पुन्हा सुरू केलं आहे, त्या खूप रागावल्या, बोटं अजून रुसलेलीच आहेत) तर सांझार स्वयंपाकघरात उभा होता. चहाचा पियाला त्याने दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटं न लावता. तसा पियाला आपल्या घरात मी धरते आणि ताई धरते. त्याने मला पाहिलं आणि पियाला खाली ठेवला, तोही तळव्यांनीच.

‘गेल्या हिवाळ्यापासून,’ म्हणाला. ‘सकाळी तासभर. मग सुटतात.’

‘मर्झानला?’

‘तिला पहिल्याच महिन्यात सांगितलं. ती डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागलीय.’

‘आणि मला?’

‘तू तुझे हात लपवण्यात इतकी गुंतली होतीस, आई. म्हटलं, मी माझे कुठे दाखवू?’

दाजी, मी आठ वर्षांत रडले नाही इतकी काल रडले. हा रोग मी त्याला दिला असेल नसेल, पण झाकायला मात्र मीच शिकवलं. मंगळवारची वेळ मिळाली आहे. मी त्याच्यासोबत जाणार आहे, हातमोजे न घालता. दुपारी उर्किया आजीला फोन केला आणि सांगितलं की मी खोटं बोलले, माझ्या बहिणीलाही आहे आणि माझ्या मुलालाही आहे. ती म्हणाली, ‘भाचा तेवीसला येणारच आहे. चहा तयार ठेवायला सांग.’ आणि फोन ठेवला. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही, मी विचारून विचारून मिर्झाबेकचं डोकं खाल्लं आहे.

वरचं दुसरं ता.क. मी खोडणार होते. खोडलं नाही. तुमची मेहुणी तुमच्याकडून काय करून घेणार होती ते तुम्हाला दिसू दे. ताईला सगळं वाचून दाखवा, एकशे चारसुद्धा. आणि त्या रविवारी चहा तिलाच ओतू द्या. वेळ लागला तर पाहुणा थांबेल. पियाला निसटला, त्याच्या गुडघ्यावर सांडला तरी सांडू द्या. फक्त पुसायला ताईच्या आधी तुम्ही उठा.